एस.एस. थिसलगॉर्म

एस.एस. थिसलगॉर्म हे दुसऱ्या महायुद्धात तांबड्या समुद्रात बुडालेले ब्रिटिश सशस्त्र मालवाहू जहाज होय. ‘एस.एस.’ ही अक्षरे स्टीमशिप म्हणजे वाफेवर चालणारे जहाज या अर्थी लावली जातात. सुएझच्या आखाताच्या तोंडाशी, शाब अली नावाच्या प्रवाळखडकाच्या आश्रयाला हे जहाज नांगरून उभे होते. तेथे ६ ऑक्टोबर १९४१ रोजी मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास जर्मन विमानाने त्यावर बॉम्ब टाकले व ते बुडाले. जहाजावरील नऊ जण मृत्युमुखी पडले. सैन्यासाठी नेला जाणारा माल बहुतांशी जहाजातच राहिला. ट्रक, मोटारसायकली, रायफली, बूट आणि रेल्वेचे डबे घेऊन हे जहाज आज सुमारे ३० मीटर खोलीवर पडून आहे. ही खोली हौशी पाणबुड्यांच्या आवाक्यातील असल्यामुळे जगातील सर्वाधिक भेट दिल्या जाणाऱ्या बुडीत जहाजांत त्याची गणना होते. लंडनच्या ‘द टाइम्स’ या वृत्तपत्राने २००७ मध्ये त्याचा समावेश जगातील दहा उत्तम बुडीत जहाजांच्या यादीत केला होता. या लोकप्रियतेमुळेच जहाजाच्या अवशेषांची झपाट्याने हानी होत असून त्यांच्या रक्षणाचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही.

(या लेखात ‘पाणबुड्या’ हा शब्द पाण्यात बुडी मारणारा माणूस या जुन्या मराठी अर्थाने वापरला आहे, त्याचे अनेकवचन ‘पाणबुडे’. समुद्राखालून चालणाऱ्या युद्धनौकेशी, म्हणजे पाणबुडीशी, त्याची गल्लत करू नये.)

नाव आणि बांधणी

थिसलगॉर्मची बांधणी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील संडरलंड येथे जोसेफ थॉम्पसन अँड सन्स या गोदीत झाली. एप्रिल १९४० मध्ये ते पाण्यात उतरवण्यात आले. त्याची मालकी अल्बिन लाइन या जहाजकंपनीकडे होती. अल्बिन हे स्कॉटलंडचे जुने नाव असून थिसल हे काटेरी जांभळे फूल स्कॉटलंडचे राष्ट्रीय चिन्ह आहे. त्यामुळे कंपनीच्या जहाजांची नावे ‘थिसल’ या शब्दाने सुरू होत. ‘गॉर्म’ या गेलिक शब्दाचा अर्थ निळा. म्हणजे जहाजाच्या नावाचा अर्थ ‘निळे थिसल’ असा होतो. महाराष्ट्राच्या माळरानावर दिसणारी उंटकटारी याच कुळातली, हे सांगितले म्हणजे त्या फुलाचे रूप मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे येईल.

जहाजाची लांबी सुमारे १२६ मीटर, रुंदी सुमारे १८ मीटर आणि नोंदणीकृत क्षमता ४,८९८ टन होती. तीन टप्प्यांत वाफेचा विस्तार करणारे १,८५० अश्वशक्तीचे इंजिन त्यात बसवले होते. बांधणीच्या खर्चाचा काही भाग ब्रिटिश सरकारने उचलला होता. युद्धकाळात मालवाहू जहाजांनाही शस्त्रे देण्याचे धोरण असल्यामुळे पिछाडीवर ४.७ इंची तोफ आणि एक अवजड मशीनगन बसवण्यात आली आणि ती चालवण्यासाठी रॉयल नेव्हीचे गोलंदाज जहाजावर नेमण्यात आले. या तोफांमुळे काही ठिकाणी थिसलगॉर्मचा उल्लेख ‘युद्धनौका’ असा केलेला आढळतो. तो बरोबर नाही. खलाशी व्यापारी नौदलाचे आणि गोलंदाज तेवढे आरमाराचे, अशी त्यावरील व्यवस्था होती. मृतांच्या यादीतही हीच विभागणी दिसते.

पहिल्या तीन सफरींत या जहाजाने अमेरिकेहून पोलादी रूळ व विमानांचे सुटे भाग, अर्जेंटिनाहून धान्य आणि वेस्ट इंडीजहून रम आणली. चौथी सफर शेवटची ठरली.

शेवटची सफर

१९४१ च्या उन्हाळ्यात उत्तर आफ्रिकेतील ब्रिटिश फौजांची परिस्थिती बिकट होती. लिबियातील तोब्रुक बंदराला जर्मन व इटालियन सैन्याने एप्रिलपासून वेढा घातला होता. तो फोडण्यासाठी इजिप्तमध्ये मनुष्यबळ आणि सामग्री यांची जमवाजमव चालू होती. या तयारीतून नोव्हेंबर १९४१ मध्ये ‘ऑपरेशन क्रुसेडर’ ही मोहीम सुरू झाली. सप्टेंबरमध्ये स्थापन झालेल्या आठव्या सैन्याने (एट्थ आर्मी) ती लढवली. त्या सैन्यात हिंदी लष्कराची चौथी डिव्हिजन होती आणि तिच्यात पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक पलटणही होती. थिसलगॉर्मच्या कोठ्यांमधला माल ज्या वाळवंटी आघाडीसाठी निघाला होता, तेथे मराठी मुलखातील शिपाईही लढत होते.

ब्रिटनहून इजिप्तला जाण्याचा जवळचा मार्ग जिब्राल्टरमधून भूमध्य समुद्रातून जातो. परंतु इटलीचे आरमार आणि सिसिलीतील जर्मन विमाने यांमुळे तो मालवाहू जहाजांसाठी जवळपास बंद झाला होता. म्हणून जहाजे अटलांटिकमधून खाली येऊन केप ऑफ गुड होपला वळसा घालत आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याने वर चढून तांबड्या समुद्रात शिरत. या फेऱ्यामुळे काही आठवड्यांचा प्रवास काही महिन्यांचा होई. तरीही हाच मार्ग सुरक्षित मानला जात असे.

थिसलगॉर्मने २ जून १९४१ रोजी ग्लासगो बंदर सोडले. त्याचे मुक्कामाचे बंदर अलेक्झांड्रिया होते. आदल्याच दिवशी, १ जून रोजी, क्रीट बेटावरील लढाई संपून ते बेट पूर्णपणे जर्मनांच्या हाती गेले होते. चार महिन्यांनी थिसलगॉर्मवर आलेली विमाने याच बेटावरून उडाली. या दोन तारखा शेजारी ठेवल्या म्हणजे जहाज ग्लासगोहून निघाले तेव्हाच ‘सुरक्षित’ मार्गाच्या शेवटच्या टप्प्याची सुरक्षितता संपुष्टात आली होती, हे लक्षात येते. क्रीटवरून उडालेल्या विमानांना सुएझचे आखात आता गाठता येत होते.

केप टाउन येथे कोळसा भरून घेतल्यावर जहाज ताफ्यासह उत्तरेकडे निघाले. एच.एम.एस. कार्लाइल ही विमानवेधी क्रूझर संरक्षणासाठी ताफ्याबरोबर होती. सप्टेंबरमध्ये ताफा तांबड्या समुद्राच्या उत्तर टोकाला पोहोचला. परंतु सुएझ कालव्यात जहाजांची टक्कर होऊन वाट अडल्यामुळे पुढे जाता येईना. त्यामुळे जहाजांना ‘सेफ अँकरेज एफ’ म्हणजे सुरक्षित नांगरतळ ‘एफ’ येथे थांबण्याचा आदेश मिळाला. भोवताली प्रवाळखडकांचा अडसर आणि खाली वाळूचा तळ असल्यामुळे ही जागा वाऱ्या-लाटांपासून खरोखरच सुरक्षित होती. आकाशातून येणाऱ्या संकटापासून मात्र तेथे कसलाच आडोसा नव्हता.

५-६ ऑक्टोबरची रात्र

इजिप्तमध्ये ताज्या फौजा उतरत असल्याचा सुगावा जर्मन गुप्तहेर खात्याला लागला होता. एक मोठे सैन्यवाहू जहाज तांबड्या समुद्रात असावे, अशा अंदाजाने लुफ्तवाफे म्हणजे जर्मन हवाई दलाच्या २६ व्या बॉम्बफेकी पथकाची दोन हाइंकेल-१११ विमाने क्रीटवरून निघाली. हे जहाज म्हणजे ‘क्वीन मेरी’ होते, असे पर्यटकांना सांगण्याचा प्रघात आहे. मोठे सैन्यवाहू जहाज, एवढेच म्हणणे अधिक योग्य होय. विमानांना ते सापडले नाही. परतीच्या वेळी एका विमानाला नांगरतळावर उभी असलेली जहाजे दिसली. पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. ती आश्विन पौर्णिमा होती. म्हणजे या दिवसांत महाराष्ट्रात कोजागरी साजरी झाली होती. स्वच्छ चांदण्यात, स्थिर पाण्यावर उभे असलेले १२६ मीटर लांबीचे जहाज वैमानिकांच्या नजरेतून सुटणे अवघडच होते.

विमानाने टाकलेले दोन बॉम्ब पिछाडीजवळच्या चौथ्या क्रमांकाच्या कोठीवर पडले. दारूगोळा नेमका याच भागात भरला होता. त्याचा स्फोट झाला तेव्हा जहाजाचा मागचा भाग फाटून निघाला आणि डेकवर बांधलेली दोन रेल्वे इंजिने उडून जहाजाच्या दोन बाजूंना समुद्रात पडली. थोड्याच वेळात जहाज तळाला गेले. बचावलेल्यांना कार्लाइलने पाण्यातून वर घेतले.

मृतांमध्ये चार व्यापारी खलाशी आणि पाच आरमारी गोलंदाज होते. तोफा पिछाडीवर होत्या आणि स्फोटही पिछाडीकडेच झाला. एकूण संख्येने थोडे असूनही मृतांत गोलंदाजांचे प्रमाण अधिक का, याचे कारण यावरून समजते.

जहाजाचे कप्तान विल्यम एलिस यांना स्फोटानंतरच्या कामगिरीबद्दल ओबीई हा किताब देण्यात आला. अँगस मॅक्ले नावाच्या खलाशाने पेटलेल्या डेकवरून माघारी जाऊन एका जखमी सहकाऱ्याला बाहेर काढले. त्याबद्दल त्याला जॉर्ज मेडल आणि समुद्रावरील शौर्यासाठी दिले जाणारे लॉइड्सचे युद्धपदक अशी दोन पदके मिळाली. जॉर्ज मेडल ब्रिटनमध्ये १९४० सालीच सुरू झाले होते. प्रत्यक्ष रणांगणाबाहेरच्या, विशेषतः नागरिकांच्या शौर्याची दखल घेणे हा त्याचा हेतू होता. व्यापारी खलाशी कायद्याच्या दृष्टीने नागरिकच असत.

दोनच दिवसांनी, ८ ऑक्टोबर रोजी, जवळच नांगरलेले रोझाली मोलर हे कोळसावाहू जहाजही जर्मन बॉम्बहल्ल्यात बुडाले.

जहाजावरील माल

थिसलगॉर्मला इतर असंख्य युद्धकालीन बुडीत जहाजांपासून वेगळे करणारी गोष्ट म्हणजे त्यावरील माल. टॉर्पेडो लागलेली पुष्कळशी जहाजे खोल महासागरात गेली, उथळ पाण्यातल्यांचा माल पुढे काढून घेण्यात आला, तर कित्येकांत मुळात धान्य किंवा कोळसाच होता. येथे मात्र १९४१ सालच्या एका सैन्याचे सामानसुमान, कारखान्यातून निघाले त्याच अवस्थेत आणि रचले त्याच क्रमाने पाहावयास मिळते.

पुढच्या कोठ्यांमध्ये बेडफर्ड व इतर बनावटीचे लष्करी ट्रक ओळीने उभे आहेत. जागा वाया जाऊ नये म्हणून ट्रकच्या पाठीवर मोटारसायकली चढवलेल्या आहेत. त्या मुख्यतः बीएसए, नॉर्टन आणि मॅचलेस या कंपन्यांच्या आहेत. ही नावे आपल्याकडच्या जुन्या पिढीच्याही परिचयाची आहेत. नॉर्टनचे १६-एच आणि बीएसएचे एम-२० ही प्रारूपे ब्रिटिश सैन्यात निरोप्यांसाठी मोठ्या संख्येने वापरली जात. याशिवाय ली-एनफिल्ड रायफलींच्या पेट्या, ब्रेन मशीनगन, बिनतारी संदेशयंत्रणा, विमानांचे सुटे भाग आणि गुडघ्यापर्यंत येणारे रबरी वेलिंग्टन बूट आहेत. पहिल्या कोठीतील या बुटांचा ढीग जहाजावरील सर्वांत ओळखीच्या दृश्यांपैकी एक आहे. वाळवंटात लढणाऱ्या सैन्याला रबरी बूट कशाला, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडतोच. सैन्याच्या पुरवठ्याच्या याद्या एखाद्या ठिकाणच्या हवामानापेक्षा ठरावीक नमुन्यानुसार बनत, हे त्याचे एक संभाव्य उत्तर.

डेकवर रेल्वेचे सामान होते. लंडन मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेच्या स्टॅनियर ८-एफ वर्गाची दोन वाफेची इंजिने, त्यांची कोळसा-पाण्याची टेंडरे आणि मालडबे, असे हे सामान इजिप्तच्या रेल्वेसाठी निघाले होते. वाळवंटातील आघाडीपर्यंत रसद पोहोचवण्याचे बरेचसे काम किनाऱ्यालगतची रेल्वे करीत असल्यामुळे इंजिनांना रणगाड्यांइतकेच महत्त्व होते. मागच्या फुटलेल्या भागात तोफगोळे विखुरलेले आहेत आणि ब्रेन कॅरिअर म्हणून ओळखली जाणारी, साखळीपट्ट्यांवर चालणारी दोन छोटी चिलखती वाहने उलटी पडली आहेत.

शोध आणि विस्मरण

जहाज बुडाले त्या वर्षी सामान्य माणसाला त्याच्यापर्यंत मोकळेपणी पोहत जाणे अशक्य होते. ज्या साधनामुळे पुढे ते शक्य झाले, ते पाठीवर वागवायचे श्वसनसाधन (अ‍ॅक्वालंग) फ्रेंच नौदल अधिकारी झाक-इव्ह कूस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी युद्ध चालू असतानाच, १९४३ मध्ये, तयार केले. १९५० च्या दशकात याच कूस्तो यांनी ‘कॅलिप्सो’ या आपल्या संशोधननौकेतून येऊन, स्थानिक कोळ्यांकडून मिळालेल्या माहितीच्या आधारे थिसलगॉर्म शोधून काढले. फेब्रुवारी १९५६ च्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकात या बुड्यांची छायाचित्रे आली. कूस्तो व लुई माल यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘द सायलेंट वर्ल्ड’ या चित्रपटातही या जहाजावरील दृश्ये आहेत. या चित्रपटाला १९५६ मध्ये कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक आणि पुढे ऑस्करही मिळाले.

कूस्तो यांच्या चमूने जहाजाची घंटा, कप्तानाची तिजोरी आणि एक मोटारसायकल वर काढली. पुढे समुद्ररक्षणाचा पुरस्कर्ता म्हणून जगभर मान्यता पावलेल्या माणसाचे हे वर्तन आजच्या वाचकाला खटकेल. परंतु त्या काळी बुडीत जहाज म्हणजे बेवारस माल, असेच बहुतेक सर्वजण मानीत. त्याच चित्रपटात मासे मोजण्यासाठी प्रवाळखडकावर सुरुंग उडवल्याचे दृश्यही आहे. तरीही थिसलगॉर्मवरून वस्तू उचलण्याची सुरुवात येथून झाली, ही नोंद राहतेच.

यानंतर सुमारे साडेतीन दशके हे जहाज पुन्हा विस्मृतीत गेले. त्याला राजकीय परिस्थितीही कारणीभूत होती. १९६७ च्या युद्धापासून १९८२ पर्यंत सिनाई द्वीपकल्प इस्रायलच्या ताब्यात होते आणि सुएझच्या आखाताच्या दोन्ही किनाऱ्यांवर परस्परविरोधी सैन्ये काही वर्षे समोरासमोर उभी होती. जहाजाची जागा स्थानिक कोळ्यांना मात्र ठाऊक होती, कारण बुडीत जहाजाभोवती मासळी जमते. सिनाई इजिप्तला परत मिळाल्यावर शर्म अल-शेख हे खेडेवजा ठाणे डायव्हिंगचे केंद्र म्हणून वाढू लागले. १९९० च्या दशकाच्या आरंभी एका मच्छीमार कप्तानाच्या माहितीवरून पाणबुड्यांची एक नौका येथे पोहोचली. त्यानंतर काही वर्षांतच दररोज शेकडो माणसे या जहाजावर उतरू लागली.

अवशेषांची आजची स्थिती

जहाजाचा पुढचा भाग वाळूवर जवळजवळ सरळ उभा आहे. पाण्याच्या पृष्ठभागापासून तळ सुमारे ३० ते ३२ मीटर, मुख्य डेक १६-१७ मीटर खोल आहे. बॉम्बहल्ल्याच्या वेळी जहाज नांगरलेले असल्यामुळे नांगराची साखळी अजूनही नाळेपासून खाली समुद्रतळावर उतरलेली दिसते. चौथ्या कोठीच्या जागी मोडक्या पत्र्यांचा आणि गोळ्यांचा विस्तीर्ण ढिगारा आहे. त्यापलीकडे प्रॉपेलर, सुकाणू आणि दोन्ही तोफांसह पिछाडीचा तुकडा एका कुशीवर कलंडलेला आहे. तोफेची नळी अजून शाबूत आहे. इंजिने जहाजापासून थोड्या अंतरावर, दोन बाजूंना वाळूत पडली असून स्फोटाने त्यांचे बाहेरचे पत्रे निघाल्यामुळे आतील बाष्पकाची रचना उघडी पडली आहे.

अर्ध्याहून अधिक शतकाच्या काळात लोखंडावर मऊ व कठीण प्रवाळ वाढले आहेत. कोठ्यांच्या अंधारात पारदर्शक अंगाच्या लहान माशांचे थवे असतात व त्यांच्या मागावर लायनफिश येतात. डेकवर बॅराकुडा आणि मोठाले गोबरे दिसतात, क्वचित समुद्रकासवही. सपाट वाळूच्या प्रदेशात १२६ मीटर लांबीचा हा एकच कठीण आधार असल्यामुळे येथे जीवांची एवढी दाटी झाली आहे.

डायव्हिंग

शर्म अल-शेख येथून नौकेने काही तासांत, तसेच आखातापलीकडच्या हुरघदा येथून या ठिकाणी जाता येते. मुक्कामाच्या नौकांच्या फेऱ्यांतही थिसलगॉर्म बहुधा असतेच. पाण्याचे तापमान हिवाळ्यात २१-२२ अंश सेल्सियसपर्यंत उतरते, उन्हाळ्यात २८ अंशांच्या आसपास असते.

खोलीच्या मानाने ही बुडी अवघड नसली, तरी ती नवशिक्याचीही नव्हे. पाण्यात दर १० मीटरला साधारण एका वातावरणाएवढा दाब वाढतो. म्हणजे ३० मीटरवर एकूण दाब पृष्ठभागाच्या चौपट होतो आणि टाकीतील हवाही चौपट वेगाने संपते. दाबाखाली श्वासातील नायट्रोजन रक्तात व ऊतींत विरघळतो. पाणबुड्या घाईने वर आला, तर सोड्याची बाटली उघडल्याप्रमाणे त्याचे बुडबुडे होतात आणि सांधेदुखीपासून पक्षाघातापर्यंतचे विकार उद्भवतात. हे टाळण्यासाठी खोलीनुसार वेळेच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. साधी हवा वापरणाऱ्या हौशी पाणबुड्यासाठी ३० मीटरवर ती मर्यादा प्रचलित तक्त्यांनुसार सुमारे २० मिनिटांची आहे. म्हणून बरेच जण प्राणवायूचे प्रमाण ३२ टक्क्यांपर्यंत वाढवलेले नायट्रॉक्स मिश्रण वापरतात. त्यात नायट्रोजन कमी असल्याने तळाशी जास्त वेळ राहता येते. प्राथमिक प्रशिक्षणाची मर्यादा १८ मीटर असल्याने येथे ३० मीटरपर्यंतचे पुढील प्रशिक्षण घेतलेले असणे इष्ट समजले जाते.

या भागात समुद्रप्रवाह जोरदार असतो व भरती-ओहोटीबरोबर त्याची दिशा आणि वेग बदलतात. नौकेपासून जहाजापर्यंत बांधलेल्या दोराला धरूनच खाली जावे व वर यावे, असा नियम त्यामुळे पाळला जातो. दोर सोडून वर आलेला पाणबुड्या प्रवाहाबरोबर बराच दूर वाहत जाऊ शकतो.

सर्वसाधारणपणे दोन बुड्या घेतल्या जातात. पहिल्या बुडीत पिछाडी, प्रॉपेलर, तोफा व एखादे इंजिन असा बाहेरचा भाग पाहिला जातो. हवा आणि वेळ यांचा हिशेब सर्वांत खोल भागापासून वर येण्याच्या क्रमाने करावा लागतो. दुसऱ्या बुडीत कोठ्यांमध्ये शिरतात. कोठ्यांची तोंडे रुंद असल्याने आत थोडाफार उजेड पोहोचतो. तरी पायांच्या पंखांनी तळाचा गाळ उडाला, तर क्षणात काही दिसेनासे होते. अनेक गट एकाच वेळी आत असतील, तर ही अडचण अधिक जाणवते. रायफली, ट्रकचे पुढचे दिवे आणि मोटारसायकलींची हँडले हातभर अंतरावर असतात. दारूगोळ्याला मात्र हात लावू नये, अशी सक्त सूचना प्रत्येक मार्गदर्शक देतो. आठ दशके पाण्यात राहिला म्हणून तो निकामी झाला, असे गृहीत धरता येत नाही.

ऱ्हास

अवशेषांची हानी तीन प्रकारे होत आहे. त्यांतील पहिला, म्हणजे खाऱ्या पाण्यात लोखंडाचे गंजणे, अटळ आहे. उरलेले दोन माणसामुळे घडतात.

पाणबुड्याने सोडलेल्या श्वासाचे बुडबुडे कोठीच्या छताशी अडकून राहतात. या हवेत प्राणवायू भरपूर असल्याने तेथील पत्रा भोवतालच्या पत्र्यापेक्षा लवकर गंजतो. दिवसाला शेकडो माणसे वर्षानुवर्षे आत श्वास सोडत राहिली, तर छत विरून खाली येते.

याहून गंभीर हानी नौकांमुळे होते. कायमस्वरूपी बोये नसल्यास नौकेवरचा वाटाड्या खाली जाऊन दोरखंड थेट जहाजालाच बांधतो, कधी कठड्याला, कधी यारीच्या खांबाला. वर डझनभर नौका, प्रत्येकीचे वजन अनेक टन आणि त्यात लाटांचे हेलकावे. गंजलेला कठडा किंवा खांब कधी ना कधी उपटून येतोच. १९९० च्या दशकातील आणि अलीकडील छायाचित्रे शेजारी ठेवून पाहिल्यास बदल सहज ध्यानात येतो. वस्तूंची चोरी हा वेगळा भाग. मोटारसायकलींचे सुटे भाग, ट्रकची सुकाणूचक्रे आणि फलक स्मृतिचिन्हे म्हणून नेले गेले आहेत. एकट्याने नेलेली एक वस्तू क्षुल्लक वाटते, परंतु येथे येणाऱ्यांची संख्या लक्षात घेता तसे म्हणता येत नाही.

हुरघदा येथील ‘हेपका’ या पर्यावरणसंस्थेने डिसेंबर २००७ मध्ये जहाज काही काळ पाणबुड्यांसाठी बंद ठेवून दुरुस्तीची मोहीम हाती घेतली. जहाजाभोवती ३२ कायम बोये बसवले गेले आणि अडकलेली हवा निसटावी म्हणून पत्र्याला छिद्रे पाडण्यात आली. उपाय योग्य होते, पण त्यांची देखभाल टिकली नाही. दोन वर्षांत, २००९ च्या अखेरीस, बोये नाहीसे झाले होते आणि नौका पुन्हा जहाजालाच बांधल्या जाऊ लागल्या. थिसलगॉर्म हे तांबड्या समुद्रातील डायव्हिंग व्यवसायाचे मोठे आकर्षण आहे. त्याच्या जोरावर चालणाऱ्या व्यवसायाने बोयांच्या देखभालीचा तुलनेने किरकोळ खर्च नियमितपणे उचलू नये, हे अनाकलनीय आहे.

कायदेशीर संरक्षणाच्या दृष्टीने वय महत्त्वाचे ठरते. पाण्याखालील सांस्कृतिक वारशासंबंधी युनेस्कोने २००१ मध्ये संमत केलेल्या करारात किमान १०० वर्षे पाण्याखाली असलेल्या अवशेषांचा समावेश होतो. या गणनेने थिसलगॉर्म २०४१ मध्ये त्या व्याख्येत बसेल. वस्तू जागच्या जागी जतन करण्यास हा करार प्राधान्य देतो आणि हानी न करता अवशेष पाहण्यास लोकांना उत्तेजनही देतो. परंतु आजच्या गतीने तोपर्यंत कोठ्यांची छते टिकतील की नाही, याविषयी पाणबुड्यांमध्ये चिंता आहे. शिवाय नऊ माणसे येथे मरण पावलेली असल्याने हे ठिकाण युद्धसमाधी मानले जावे, अशीही एक धारणा आहे. या जहाजाच्या पर्यटनपत्रिकांत मोटारसायकलींचा उल्लेख हटकून असतो. मृतांचा असतोच असे नाही.

त्रिमितीय नोंद

भौतिक जतनाला मर्यादा असल्याने अवशेषांची अचूक नोंद करून ठेवण्याचा मार्ग अभ्यासकांनी अवलंबला. ब्रिटनच्या नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या पुढाकाराने आणि इजिप्तमधील विद्यापीठांच्या सहकार्याने २०१७ मध्ये जहाजाचे सर्वेक्षण झाले. त्यात २४ हजारांहून अधिक छायाचित्रे घेऊन ती संगणकाच्या साहाय्याने जोडण्यात आली आणि जहाजाची त्रिमितीय प्रतिकृती तयार करण्यात आली. या तंत्रात एकच वस्तू अनेक कोनांतून टिपली जाते आणि छायाचित्रांतील समान बिंदूंवरून तिचा आकार व मोजमाप काढले जाते. ही प्रतिकृती इंटरनेटवर पाहता येते. काही वर्षांनी पुन्हा असेच सर्वेक्षण केल्यास कोणता भाग किती ढासळला, हे मोजता येईल. पाण्यात न उतरणाऱ्यांनाही, विशेषतः विद्यार्थ्यांना, कोठ्यांतील रचना तीतून नीट समजते.

परिसरातील इतर बुडीत जहाजे

रोझाली मोलर हे वर उल्लेखिलेले जहाज अधिक खोल, सुमारे ५० मीटरवर असल्याने तेथे अनुभवी पाणबुडेच जातात. त्यामुळे त्याची झीजही कमी झाली आहे. गुबल सामुद्रधुनीच्या पलीकडील अबू नुहास या खडकावर अनेक जहाजे फुटली. त्यांपैकी कार्नाटिक ही पी अँड ओ कंपनीची आगबोट सुएझहून मुंबईला येत असताना सप्टेंबर १८६९ मध्ये, म्हणजे सुएझ कालवा वाहतुकीस खुला होण्याच्या दोन महिने आधी, तेथे अडकून फुटली. तिच्यावर टपाल, कापड, तांब्याचे पत्रे आणि सोन्याची नाणी होती.